दोन आठवडे पुरत नाहीत
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेवरच्या लेखात, तिच्याआधी दोन आठवडे कमी कॅलरींचा आहार घ्यावा, असं सांगितलंय ते योग्यच. त्यानं यकृतातली चरबी आणि ग्लायकोजेन (साठवलेली साखर) घटतं, यकृत आकसतं आणि सर्जनला जठरापर्यंत पोचणं सोपं जातं. पण सवयी दोन आठवड्यांत बदलत नाहीत. त्याची सुरुवात कितीतरी आधी व्हायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

यातल्या ‘स्लीव्ह’ प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. मग भराभर गिळलेला घास अडकल्यासारखा होतो, उलटीही होते. म्हणून छोटा घास, भरपूर चावणं, आधी प्रथिनं, हे आत्ताच अंगवळणी पाडा. सगळ्यात जड जातं ते जेवताना पाणी न पिणं! जेवणानंतर अर्धा तास थांबायची सवय लागायला खरंच वेळ लागतो.

ताण आला की खायची ओढ शस्त्रक्रियेनं जात नाही. समुपदेशकाशी आधीच बोला. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्याच, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.