गालांगच्या बोटी आणि एक सोयीचा समज

इंडोनेशियातील बाताम बेटाजवळ असलेल्या गालांगच्या जुन्या निर्वासित छावणीची आणि तेथील संग्रहालयाची छायाचित्रे जोडलेला एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, व्हिएतनाममधून समुद्रमार्गे पळालेले लोक अमेरिकेचे पाठीराखे होते, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडताच ते निघाले, जगाने त्यांना आनंदाने सामावून घेतले आणि अखेर सर्वांची सोय लागली. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

सायगाव पडले त्या ३० एप्रिल १९७५ च्या सुमारास अमेरिकेच्या मदतीने बाहेर पडलेले सव्वा लाखाहून अधिक लोक हा वेगळा गट होता. समुद्रातील पलायनाला उधाण आले ते १९७८-७९ मध्ये. मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतील खाजगी व्यापार सरकारने ताब्यात घेतल्यावर सायगावच्या चोलॉन या चिनी वस्तीतील चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांचा संसारच उखडला गेला, आणि त्यांतील अनेकांनी सोने मोजून बोटीत जागा मिळवली. राजकीय छळ आणि उपजीविका हिरावली जाणे यांत रेघ ओढणे तेव्हाही कठीण होते.

आनंदाने सामावून घेतल्याचा दावा तर मला सर्वाधिक खटकतो. मलेशियाने कित्येक बोटी परत समुद्रात लोटल्या, आणि जून १९७९ च्या अखेरीस आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेतील पाचही देशांनी नवे निर्वासित घेणार नसल्याचे जाहीर केले. अमेरिकेतही त्या वर्षीच्या एका जनमत चाचणीत ६२ टक्के लोकांनी निर्वासितांची संख्या वाढवण्यास विरोध दर्शवला होता. जुलैमधील जिनिव्हा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी पुनर्वसनाच्या जागा सव्वा लाखावरून दोन लाख साठ हजारांवर नेल्या, तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी तात्पुरता आसरा देण्याचे मान्य केले. गालांगची छावणी याच देवाणघेवाणीच्या काळातली आहे. तिला निव्वळ औदार्याचे स्मारक म्हणणे म्हणजे त्यामागची घासाघीस झाकून ठेवणे होय.

वाटेत काय सोसावे लागले, हे तो संदेश सांगतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या नोंदींनुसार १९८१ मध्ये थायलंडला पोहोचलेल्या ४५२ बोटींपैकी ३४९ बोटींवर समुद्री चाच्यांनी हल्ले केले, तेही प्रत्येकीवर सरासरी तीनदा. ५७८ स्त्रियांवर बलात्कार झाले, २२८ स्त्रिया पळवून नेल्या गेल्या. गालांगमध्ये एका अत्याचारित स्त्रीची मूर्ती आहे आणि सुमारे पाचशे कबरींचे दफनस्थान आहे. छायाचित्रे काढणाऱ्यांनी तिथेही थांबायला हवे.

राहता राहिला सर्वांची सोय लागल्याचा मुद्दा. १९८९ पासून आलेल्यांची छाननी सुरू झाली आणि जे निर्वासित ठरले नाहीत, त्यांना परत जावे लागले. संदेशात कौतुकाने दाखवलेल्या लाकडी बोटींबद्दल तेथे सांगितले जाते की, परत पाठवणीच्या निषेधार्थ निर्वासितांनी त्या जाळल्या व बुडवल्या होत्या, आणि छावणी १९९६ मध्ये रिकामी झाल्यावर त्या बाहेर काढून दुरुस्त करण्यात आल्या. मृतांच्या स्मरणार्थ माजी निर्वासितांनी तेथे बसवलेली शिला २००५ मध्ये व्हिएतनाम सरकारच्या आक्षेपानंतर हटवण्यात आली.