नाव सांग ना काकांना!

आमच्या चिरंजीवांचा जन्म नोव्हेंबरचा. वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत ज्याची तीन वर्षे पूर्ण होतात, ते मूल त्या जूनमध्ये नर्सरीला पात्र ठरते. त्यामुळे वय जेमतेम अडीच, पण कागदोपत्री मात्र विद्यार्थी, अशी त्यांची अवस्था झाली. घरात हा माणूस मुलूखमैदान तोफ आहे. परंतु दाराची बेल वाजली, की ही तोफ आईच्या ओढणीत गुंडाळली जाते आणि टेहळणीपुरता एक डोळा तेवढा बाहेर राहतो.

“चारचौघांत न्या, भीड चेपेल,” असे माझ्या आईचे मत पडल्यावरून आम्ही त्याला एका मुंजीला नेले. तिथे जो भेटेल तो वाकून त्याचा गाल ओढत होता आणि “नाव काय तुझं? मिठाची गुळणी धरलीस का?” असे विचारत होता. एका गृहस्थांनी तर “आमचा या वयात अथर्वशीर्ष म्हणायचा,” असेही ऐकवले. (त्यांचा ‘आमचा’ आता सव्वीस वर्षांचा आहे आणि शेजारच्याच खुर्चीवर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता.) “नाव सांग ना काकांना!” असे मीही सात-आठ वेळा म्हणालो, आणि आठव्या वेळी त्याने असा भोंगा पसरला, की मंगलाष्टके म्हणणाऱ्या गुरुजींनी पट्टी बदलली.

मग प्रात्यक्षिकाने शिकवावे, म्हणून सारसबागेत मी स्वतःच एका अनोळखी, बादली-फावडेवाल्या मुलासमोर उकिडवा बसून “माझं नाव सांगू?” असे विचारले. त्या मुलाच्या आजीने कसलाही वाद न घालता नातवाला उचलले, पिशवी घेतली आणि त्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. चिरंजीवांनी हे सर्व माझ्या गुडघ्याआडून लक्षपूर्वक पाहिले.

दरम्यान, दोन-अडीच वर्षांची मुले एकमेकांशी खेळत नाहीत, तर एकमेकांच्या शेजारी आपापले खेळतात, हे मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेचे 1932 सालचे निरीक्षण माझ्या वाचनात आले. तेव्हापासून “बुजरा आहे हो,” म्हणणाऱ्यांना मी “नाही, समांतर खेळतो,” असे उत्तर देऊ लागलो. त्याने मुलात नाही, तरी माझ्यात बराच फरक पडला.

खरा तोडगा मात्र भाजीवाल्या मावशींकडे निघाला. त्या मटार निवडत होत्या. त्यांनी मुलाकडे पाहिले नाही, नाव विचारले नाही, नजर टोपलीतच ठेवून एक शेंग बाजूला धरली आणि म्हणाल्या, “धर रे जरा.” ओढणीतून एक हात निघाला आणि त्याने शेंग धरली. मग दुसरी आली. तिसरी शेंग त्याने स्वतः सोलली आणि त्यातला सर्वांत बारीक दाणा मावशींच्या तळहातावर ठेवून “घे” म्हटले. मावशींनी तो तोंडात टाकला आणि गिऱ्हाइकाला भाव सांगितला.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी गावी पाहिले, की मुले बालवाडीत येत नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी जन्माला आली. आम्हाला अंगण नसल्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाळूचे एक घमेले ठेवले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्याच वयाच्या मुलाला रोज संध्याकाळी बोलावले. माझे काम इतकेच, की पाहायचे नाही. दोघांकडे पाठ करून मी स्कूटर पुसत असे. आठ दिवसांत स्कूटर अशी लखलखू लागली, की वॉचमनमामांनी ती विकायची आहे का, असे विचारले.

नवव्या दिवशी पाठीमागून आवाज आला, “माझी बादली आहे! सोड! नाही देणार!” सबंध वाक्ये, तीही परक्या माणसाशी! पाठोपाठ चापटीचा आवाज आणि दुसऱ्या मजल्याचे रडणे. त्या मुलाच्या आईची क्षमा मागताना चेहरा गंभीर ठेवणे मला फार जड गेले.

वर जाऊन ही हकिकत सांगितली, तेव्हा आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग विचारले, “फार लागलं का रे त्या पोराला?”