‘गोल्ड’ म्हणजे बिनआवाजी नव्हे

परभणी-नांदेडकडच्या गेमिंग ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘८० प्लस गोल्डचा पॉवर सप्लाय घ्या, आवाज शून्य अन् दहा वर्षं बिनघोर.’ हे खरं नाही. ८० प्लस हे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचं मानांकन, गोल्ड ही त्यातली एक श्रेणी. ते फक्त कार्यक्षमता मोजतं, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी किती पीसीपर्यंत पोचते ते. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला अर्ध्या लोडवर ९० टक्के कार्यक्षमता लागते, तीही साधारण २३ अंशांच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ला टेकतो. पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका.

आवाज ठरतो पंख्यावर, आणि तो कधी, किती जोरात फिरतो यावर. त्यासाठी सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेचं आवाजाचं ‘लॅम्डा’ मानांकन बघा.

टिकण्याचं गणित बरंचसं कपॅसिटरचं, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या भागांचं. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं. म्हणून १०५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर, फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा (तेलाच्या थरावर फिरणारा) पंखा आणि लांब वॉरंटी असलेलाच घ्या. पीसी ३५० वॅट ओढत असेल तर ६५० ते ७५० वॅटचा पुरे; अर्ध्या लोडवर पंखा सहसा संथ राहतो. मोठ्या वॅटनं लाइटबिल वाढतं हीसुद्धा अफवाच, सप्लाय पीसीच्या गरजेपुरतीच वीज ओढतो.

घरात अर्थिंग नीट नसेल तर मात्र आधी वायरमनला बोलवा.