खोका वाचून ब्लूटूथ स्पीकर निवडता येत नाही: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

परवडणारा, हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर कसा निवडावा यावर एक छोटा संदेश बराच फिरतो आहे. त्याचं सार असं: ऐकून बघत बसू नका, खोका वाचा. वॅट जास्त तितका आवाज मोठा. १२ तासांची बॅटरी लिहिली असेल तर १२ तास चालणार. ब्लूटूथचं व्हर्जन नवं असेल तर आवाज स्वच्छ. आयपीएक्स७ असेल तर बिनधास्त पाण्यात टाका. पॅसिव्ह रेडिएटर असेल तर बेसची चिंता नको. टाइप-सी असेल तर चार्जिंग झटपट. आणि एवढं करूनही आवाज आवडला नाही, तर ४० तास वाजवा, स्पीकर ‘मोकळा’ होतो.

यातले आकडे खोटेच असतात असं नाही. पण प्रत्येक आकडा कुठल्या तरी ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो, ती परिस्थिती बहुधा खोक्यावर छापलेली नसते, आणि घरातल्या रोजच्या वापराशी तिचा संबंध फार थोडा असतो. म्हणून मुद्दे एकेक करून तपासू.

‘वॅट जास्त तितका आवाज मोठा’

ॲम्प्लिफायर ड्रायव्हरला, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाला, किती ताकद देऊ शकतो, एवढंच वॅट सांगतो. त्या ताकदीतून ड्रायव्हर किती आवाज काढतो हे सेन्सिटिव्हिटीवर ठरतं: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला ‘जरासा मोठा’ इतकाच वाटतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आता दोन स्पीकर घ्या. एकाची सेन्सिटिव्हिटी ८० डेसिबल, दुसऱ्याची ८६. पहिल्याला २० वॅट देऊन जेवढा आवाज होईल तेवढा दुसरा ५ वॅटमध्येच काढेल. स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर सेन्सिटिव्हिटी सहसा छापलेलीच नसते, त्यामुळे नुसत्या वॅटची तुलना करून हाती काही लागत नाही.

शिवाय वॅट कसे मोजले हाही प्रश्न आहे. आरएमएस म्हणजे सलग देता येणारी ताकद. ‘पीक’ म्हणजे क्षणभराचा कळस, जो साध्या साइन लहरीसाठी आरएमएसच्या दुप्पट येतो. ‘पीएमपीओ’ या नावाखाली तर कुठलाही आकडा छापता येतो. तो वाचूच नये. आरएमएस लिहिलं असलं तरी तो आकडा १ टक्का विकृतीला (मूळ आवाज बिघडण्याचं प्रमाण) मोजला की १० टक्क्यांना, हे बघायला हवं. १० टक्के विकृतीला आवाज उघड फाटलेला असतो. त्या वॅटचा उपयोग खोक्यापुरताच.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. शांत खोलीत स्पीकर टेबलावर ठेवा आणि २ मीटरवर बसा. ओळखीचं, गायकाचा आवाज पुढे असलेलं गाणं लावा आणि व्हॉल्यूम एकेक पायरी वाढवा. ‘स’, ‘श’ टोचायला लागतात, झांजेचा आवाज पत्र्यासारखा होतो किंवा गायकाचा आवाज घोगरा होतो, त्या पायरीवर थांबा. तिच्या एक पायरी खालचा आवाज हा त्या स्पीकरचा खरा कमाल आवाज. दोन स्पीकरची तुलना करायची असेल तर फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप चालेल. त्याचा आकडा स्वतंत्रपणे भरवशाचा नसतो, पण फोन, अंतर आणि गाणं तेच ठेवलं तर दोघांतला फरक बऱ्यापैकी कळतो.

‘१२ तास लिहिलं म्हणजे १२ तास’

हा दावा वॅटच्या दाव्याशेजारी ठेवून बघा. समजा स्पीकर १० वॅटचा, आत ३.७ व्होल्टची २००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे २ अँपिअर-तास) एक बॅटरी, आणि दावा १२ तासांचा. बॅटरीतली ऊर्जा ३.७ गुणिले २, म्हणजे ७.४ वॅट-तास. ती १२ तास पुरवायची तर सरासरी खर्च ०.६ वॅटच्या आसपास हवा, आणि ब्लूटूथची चिप नि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा खर्चही त्यातच बसायला हवा. उलट ॲम्प्लिफायर खरोखर सलग १० वॅट देत राहिला, तर १५ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते असं धरून बॅटरी पाऊण तासही टिकणार नाही.

गाण्यात सलग पूर्ण ताकद लागत नाही, हे खरं. आवाजाचे कळस क्षणाचे असतात आणि सरासरी ताकद त्यांच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असू शकते. म्हणून वरच्या उदाहरणातला स्पीकर जोरात वाजवला तर साधारण ४ ते ५ तासांची अपेक्षा रास्त आहे. सगळं सारख्याच जोरात असलेली नवी, दाबून रेकॉर्ड केलेली गाणी लावली तर त्याहूनही कमी. छापलेला कालावधी बहुतेक वेळा मध्यम किंवा त्याहून कमी आवाजावरचा असतो, आणि दिवे लुकलुकत असतील तर तो आणखी घटतो.

तुलना करताना एमएएचऐवजी वॅट-तास बघा. काही स्पीकरमध्ये दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून ७.४ व्होल्ट केलेले असतात, तेव्हा तेवढ्याच एमएएचमध्ये ऊर्जा दुप्पट असते. छापलेल्या आकड्यावर विश्वास नसेल तर चार्जर आणि स्पीकर यांच्यामध्ये यूएसबी मीटर लावून रिकामा स्पीकर पूर्ण चार्ज करा. मीटरने दाखवलेल्या वॅट-तासांतून चार्जिंगमधली गळती म्हणून १५ ते २५ टक्के वजा केले की बॅटरीचा अंदाज येतो. आणि रोज जेवढ्या आवाजावर ऐकता तेवढ्यावर एकदा पूर्ण चार्जपासून बंद पडेपर्यंत वाजवून वेळ लिहून ठेवा. वर्षभराने बॅटरी किती उतरली हे समजायला तोच आकडा कामी येतो.

‘नवं व्हर्जन, स्वच्छ आवाज’

नाही. ब्लूटूथ ५.० हे २०१६ साली आलं तेव्हा ‘दुप्पट वेग, चौपट पल्ला’ असं सांगितलं गेलं, पण ती सुधारणा कमी ऊर्जेच्या, म्हणजे लो एनर्जी भागातली होती. परवडणाऱ्या बहुतेक स्पीकरवर गाणं अजूनही जुन्या, क्लासिक ब्लूटूथवरूनच येतं, ए२डीपी या प्रोफाइलने, म्हणजे गाणं पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीने. त्यात एसबीसी हा कोडेक (आवाज दाबून लहान करून पाठवायची रीत) सक्तीचा आहे. एएसी किंवा दुसरा कोडेक फोन आणि स्पीकर दोघांकडे असेल तरच वापरला जातो. एलई ऑडिओची, म्हणजे लो एनर्जी भागावरून आवाज पाठवण्याची, सोय ५.२ पासून आहे, पण ‘५.३’ छापलं म्हणजे ती दिली आहे असं नव्हे. ती हवी असेल तर ‘एलई ऑडिओ’ किंवा ‘ऑराकास्ट’ (त्यातलीच, एकाच वेळी अनेकांना आवाज पाठवण्याची सोय) हे शब्द खोक्यावर शोधा.

४५ मिलिमीटरच्या ड्रायव्हरवर एसबीसी आणि एएसी यांतला फरक ऐकू येणं अवघड आहे. जाणवतो तो उशीर. एसबीसीवर आवाज १०० ते २०० मिलिसेकंद किंवा अधिक मागे पडू शकतो. तो तपासायला व्हिडिओ लावू नका: बरीचशी व्हिडिओ ॲप चित्र तेवढंच मागे ठेवून हा उशीर झाकतात. एखादा खेळ किंवा पियानोचं ॲप उघडा आणि बोट टेकवल्यावर आवाज केव्हा येतो ते बघा.

पल्ल्याचं म्हणाल तर १० मीटर हा आकडा मोकळ्या जागेतला आहे. माणसाच्या शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. फोन मागच्या खिशात ठेवा, स्पीकरकडे तोंड करून ५ मीटरवर उभे राहा. तिथेच आवाज तुटत असेल तर स्पीकरचा अँटेना कमकुवत आहे.

‘आयपीएक्स७ आहे, पाण्यात टाका’

या संदेशातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. आयपी ही श्रेणी आयईसी ६०५२९ या मानकातून येते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोलीपर्यंत, ३० मिनिटं, स्थिर गोड्या पाण्यात बुडवलं तरी घातक प्रमाणात पाणी आत जात नाही. बस्स, एवढंच. एक्स म्हणजे धुळीची श्रेणी दिलेली नाही. आयपी६७ मध्ये ती दिलेली असते. वाळूत किंवा धुळीच्या जागी वापरायचा असेल तर हा फरक मोठा आहे.

बुडवण्याची चाचणी पास झाली म्हणजे पाण्याच्या झोताची झाली, असंही नाही. आयपीएक्स५ मध्ये ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १२.५ लिटरचा झोत मारतात, आयपीएक्स६ मध्ये १२.५ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला १०० लिटरचा. झोताचा दाब वेगळ्याच ठिकाणांतून आत शिरतो. म्हणून नळाखाली धरून धुवायचा असेल तर खोक्यावर ५ किंवा ६ स्वतंत्र लिहिलेला हवा.

समुद्राचं पाणी, साबण, क्लोरीन आणि गरम पाण्याची वाफ या चाचणीत येतच नाहीत. मीठ चार्जिंगच्या पिना गंजवतं. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि जिथून नुसतं पाणी शिरलं नसतं अशा फटीतून ते शिरतं. चाचणी नव्या नमुन्यावर होते. रबरी झाकण वर्षभर उघडझाप करून सैल झालं, स्पीकर पडून कवचाला चीर गेली, की ती श्रेणी कागदावर राहते. तेव्हा पाण्याजवळ नेण्याआधी झाकण दाबून बघा. खारं पाणी लागलं तर झाकण बंद असतानाच ओल्या फडक्याने किंवा हलक्या ओतलेल्या गोड्या पाण्याने पुसून घ्या. मग जाळी खाली करून सुकू द्या, आणि पोर्ट पूर्ण कोरडा होईपर्यंत, शक्यतो रात्रभर, चार्जिंग लावू नका. ओल्या पोर्टला ५ व्होल्ट दिले की पिना फार लवकर गंजतात. भिजल्यावर आवाज घुसमटलेला येत असेल तर बहुधा जाळीत पाणी अडकलेलं असतं. सुकल्यावर तो आपोआप खुलतो. ड्रायरची गरम हवा मारू नका, ती रबर आणि चिकटद्रव्य दोन्ही ढिले करते.

‘पॅसिव्ह रेडिएटर असेल तर बेसची चिंता नको’

पॅसिव्ह रेडिएटर हा ड्रायव्हरसारखाच पडदा, पण त्याला स्वतःचं चुंबक किंवा कॉइल नसते. आतल्या हवेच्या दाबावर तो हलतो आणि एका ठरावीक वारंवारतेच्या आसपास मदत करतो; तिच्या खाली आवाज झपाट्याने पडतो. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या वारंवारतेवर, काढायचा तर पडद्याला चौपट हलावं लागतं. लहान ड्रायव्हरकडे तेवढी जागा नसते. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं लिहून पुढे किती डेसिबलच्या आत, हे लिहिलं नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही.

म्हणून उत्पादक आत एक युक्ती करतात: हळू आवाजावर बेस वाढवायचा, जोरात केला की कापायचा, म्हणजे ड्रायव्हर फाटत नाही. युक्ती गैर नाही, पण हळू आवाजावर ऐकून ठरवाल तर फसाल. तेच गाणं ४० टक्के आणि ९० टक्के व्हॉल्यूमवर लावा आणि बेस गिटार मागे किती पडतं ते ऐका. मग टोन जनरेटरच्या ॲपवरून १५०, १००, ८०, ६० हर्ट्झचे सूर मध्यम आवाजावर वाजवा. ८० ला सूर स्पष्ट असेल तर या आकाराला उत्तम. ६० ला सुराऐवजी फडफड किंवा हवेचा फुसफुसाट आला तर तिथे बेस संपला. आवाज वाढवून तो सूर ताणू नका, ड्रायव्हरला इजा होते.

दिवसभर बातम्या, मुलाखती ऐकणाऱ्याला तर फुगवलेला बेस नकोच असतो. १०० ते २०० हर्ट्झ फुगले की पुरुषी आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो आणि शब्द बुजतात. कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकवून ठेवला की बेस आणखी वाढतो. बोलणं ऐकायचं असेल तेव्हा स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, कानाच्या उंचीला आणून बघा. इक्वलायझर उघडण्याआधी एवढं करून पाहावं.

‘टाइप-सी म्हणजे झटपट चार्जिंग’

टाइप-सी हा पिनेचा आकार आहे, वेगाची हमी नव्हे. स्वस्त स्पीकरमध्ये एक नेहमीची उणीव असते: पोर्टच्या दोन सीसी पिनांवर (पलीकडे वीज घेणारं उपकरण आहे हे चार्जरला कळवणाऱ्या) ५.१ किलोओहमचे रोधक बसवलेले नसतात. मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर वीजच देत नाही, स्पीकर मेल्यासारखा वाटतो. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल लावली की चार्ज होतो. मोठ्या वॅटचा फास्ट चार्जर लावायला हरकत नाही. स्पीकरने मागितलं नाही तर तो ५ व्होल्टच देतो.

‘४० तास वाजवा, मोकळा होतो’

ड्रायव्हरभोवतीचं रबर सुरुवातीच्या वापरात किंचित सैल होतं, हे खरं. पण त्याने घोगरा आवाज स्वच्छ होत नाही आणि नसलेला बेस येत नाही. ४० तासांत बदलतो तो मुख्यतः ऐकणाऱ्याचा कान; त्याला त्या आवाजाची सवय होते. ८० किंवा १०० हर्ट्झच्या सुराला कवचातून खडखड येत असेल, चार्जिंग लावल्यावर गुणगुण ऐकू येत असेल किंवा गाणं थांबल्यावर सतत सूं आवाज येत असेल, तर हे जोडणीतले किंवा सर्किटचे दोष आहेत आणि पहिल्या तासातच कळतात. वर सांगितलेल्या चाचण्यांपैकी बॅटरीची सोडली तर बाकी सगळ्या एका संध्याकाळी उरकतात. त्या खोका उघडल्याच्या दिवशीच करा आणि खोका, केबल, पावती जपून ठेवा. रोज तासभर वाजवून ४० तास भरेपर्यंत परत करण्याची मुदत बहुधा संपलेली असते.