बारावीला ८५ टक्के नाहीत म्हणून वालचंद, सीओईपी सोडू नका

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबद्दल एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: "बारावीला ८५ टक्क्यांच्या खाली असाल तर पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज विसरा. सीईटीला २०० पैकी १९० मार्क असतील तरच ९५ पर्सेंटाइल होतं. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या वरचं कॉलेज यादीत घालू नका, खालचंही हातचं जाईल. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही तर लगेच मॅनेजमेंटची सीट धरा." आधीच घरोघरी देव पाण्यात घातलेले असतात, त्यात हा मेसेज. तो खरा मानून मुलं जिथे नंबर लागू शकला असता तेच कॉलेज पसंतीच्या यादीतून काढून टाकतात. यातलं एकेक विधान चुकीचं आहे.

पहिलं, ८५ टक्क्यांचं. राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतले, प्रवेश प्रामुख्याने एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर होतात. काही जागा देशपातळीवरच्या जेईई मेनवर भरतात. बारावीचे गुण फक्त पात्रतेसाठी बघितले जातात: फिजिक्स, मॅथ्स आणि केमिस्ट्री (किंवा नियमात दिलेला दुसरा तिसरा विषय) मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव गटाला ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. इंग्रजी, मराठी यात धरत नाहीत. एकूण ६८ टक्के आणि तीन विषयांत १९० गुण असलेला मुलगा आणि एकूण ९२ टक्केवाला मुलगा पात्रतेच्या रेषेपलीकडे गेले की सारखेच. दोघांचं पर्सेंटाइल अगदी जुळलं, तर आधी सीईटीतल्या मॅथ्सचं, मग फिजिक्सचं, मग केमिस्ट्रीचं पर्सेंटाइल बघतात. बारावीच्या गुणांची पाळी त्यानंतर येते.

टक्क्यांची काळजी रास्त आहे अशा जागाही आहेत. आयआयटी आणि एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. एमबीबीएसला नीटबरोबर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात. अशा एखाद्या रेषेच्या दोन-चार गुण अलीकडे अडकला असाल, तर कोल्हापूर विभागीय मंडळाकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. विषयाला ४०० रुपये. पुनर्मूल्यांकनाचे ३०० रुपये वेगळे, आणि छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत तो द्यावा लागतो, त्यामुळे ती हातात पडली त्याच दिवशी विषयाच्या सरांकडे जा. पण पात्रता सहज पूर्ण होत असेल आणि लक्ष्य वालचंद असेल, तर ७८ चे ८१ टक्के करण्यासाठी विषयाला ७०० रुपये घालवून काही साधत नाही.

१९० मार्कांचं विधान तर पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत आहे. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल त्या-त्या सत्रापुरतं काढतात. समजा तुमच्या सत्रात २०,००० मुलं होती आणि त्यातल्या १९,००० जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळाले, तर तुमचं पर्सेंटाइल ९५. त्यासाठी कच्चे गुण किती लागले हे पेपर किती अवघड होता त्यावर ठरतं. म्हणून सकाळच्या सत्रातल्या मित्राचे मार्क विचारून दुपारच्या सत्रातल्याने डोक्याला हात लावायचं कारण नाही. आणखी एक गैरसमज: तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाइल नव्हे. ते एकूण गुणांवरून वेगळं काढलेलं असतं.

तिसऱ्या विधानाने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून त्यावर जरा थांबू. जागावाटप करताना संगणक गुणवत्ता क्रमांकाने वरून खाली येतो. तुमची पाळी आली की तुमची यादी पहिल्या पर्यायापासून वाचतो आणि तुम्हाला मिळू शकणारी जी पहिली रिकामी जागा दिसेल ती देतो. समजा एका मुलीची यादी अशी आहे: वालचंद कॉम्प्युटर, वालचंद इलेक्ट्रॉनिक्स, केआयटी कॉम्प्युटर, इस्लामपूरचं आरआयटी. तिच्या पाळीला वालचंदच्या दोन्ही जागा भरलेल्या निघाल्या, तर त्याच क्षणी तिसरा पर्याय बघितला जातो. केआयटीत जागा असेल तर ती तिचीच. तिच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने केआयटी पहिल्या नंबरवर घातलं असलं तरी त्याची पाळी तिच्यानंतरच येते. यादी केआयटीपासून सुरू केली असती तरी हीच जागा मिळाली असती. मग वरची दोन नावं भीतीपोटी का खोडायची?

कटऑफ म्हणजे त्या वर्षी, त्या फेरीत, त्या जागेवर शेवटी आलेल्या मुलाचं पर्सेंटाइल. पुढच्या वर्षी जागा वाढतात, मुलांचा कल बदलतो, एनआयटी मिळालेली मुलं सीट सोडून जातात, आणि आकडा हलतो. त्यामुळे पहिल्या फेरीचाच नव्हे, शेवटच्या फेरीचाही कटऑफ बघा. आणि योग्य रकान्यात बघा. जीओपनएस म्हणजे सर्वसाधारण खुली, राज्यस्तरीय जागा. जीओपनएच म्हणजे तीच, पण होम युनिव्हर्सिटीची, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी. शेवटी ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी. एल ने सुरू होणारा रकाना मुलींचा. टीएफडब्ल्यूएस हा शिक्षण शुल्क माफीचा, त्याचा कटऑफ बहुतेक ठिकाणी बराच वर असतो. तोच आकडा आपला समजून कॉलेज सोडून देणारे कमी नाहीत.

यादी भरताना काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. २०२५-२६ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम आला की पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळाला तर तो घ्यावाच लागतो. म्हणून शेजाऱ्याने सांगितलं म्हणून नको असलेली ब्रँच वर ठेवू नका. नियम दर वर्षी बदलू शकतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघाच. पर्याय ३०० पर्यंत देता येतात. सगळे भरायची गरज नाही, पण दहावर थांबणं धोक्याचं. साधारण तीन थर करा: स्वप्नातली, कटऑफच्या आसपासची, आणि नक्की मिळतील पण तुम्हाला चालतील अशी. चॉइस कोड, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचचा ठरलेला नंबर, एकेक करून ताडून बघा. डी. वाय. पाटील हे नाव आपल्या कसबा बावड्यातही आहे आणि पुण्यात आकुर्डीतही. शेवटी यादी नुसती सेव्ह करून चालत नाही, कन्फर्म करावी लागते.

मॅनेजमेंट सीटची घाई तर मुळीच करू नका. खासगी विनाअनुदानित कॉलेजात संस्थास्तरावरच्या जागा असतात, पण त्याही गुणवत्तेनेच भरायच्या असतात आणि डोनेशन घेणं १९८७ च्या कायद्याने बंद आहे. पावती न देता पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. शिवाय राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, ते कॅपमधून प्रवेश घेतला तरच. आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींना याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे, तेही कॅपच्या प्रवेशालाच. पहिल्या फेरीनंतर घाबरून बाहेर पडलात तर चार वर्षं हा भुर्दंड सोसायचा.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते कागद. पर्सेंटाइल असूनही राखीव जागा हातची जाते ती जात पडताळणी प्रमाणपत्र किंवा नॉन क्रीमी लेअरचा (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखला नसल्यामुळे. पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुनी नोंद शोधायलाच महिने जातात, आणि वडिलांच्या व मुलाच्या आडनावात एका अक्षराचा फरक असला तरी त्रुटी निघते. नॉन क्रीमी लेअर प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्चनंतरही चालणारं हवं, त्यामुळे मागच्या वर्षीचं फाईलला असेल तर त्यावरची तारीख आजच बघा. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते. डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला त्याच खेपेत उरकून घ्या.