सेन्सरवरची टिकली

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकराला मोबाईलवर सूचना आली, 'खोलीत कोणी नाही.' दुपारी दोनलाही तेच, चारलाही तेच. नागपूरला माझी आत्या एकटी राहते, वय ७९. गेल्या वर्षी पाय घसरून पडली तेव्हा कामवाली येईपर्यंत तशीच पडून होती. मी फोन लावला. दोनदा नुसताच वाजला, तिसऱ्यांदा उचलला. "घरीच आहे ना बापा, कुठे जाते मी? त्या डबीला टिकली लावली सकाळी."

डबी म्हणजे दाराच्या चौकटीच्या वर बसवलेला उष्णतेचा सेन्सर. टिकली म्हणजे तिची रोजची, मोठी, मरून. आणि ती तिथे चिकटवायला ही बाई स्टुलावर चढली होती! कारण भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता.

तो तुमच्याकडेही आला असेल, मला नंतर तीन ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय ते असं: घरात, लॉजवर, ऑफिसात 'माणूस आहे का' हे ओळखणारे सेन्सर म्हणजे छुपे कॅमेरेच. ते कपड्यांच्या आरपार नागडे फोटो काढतात, भिंतीपलीकडचं बघतात, त्यांच्या किरणांनी कॅन्सर होतो, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्यावर बंदी घातली आहे. उपाय काय, तर दिसेल तिथे चिकटपट्टी लावा. शेवटी 'आपल्या आया-बहिणींसाठी पुढे पाठवा' आहेच.

फोटोंचं आधी बघू, कारण आत्याला स्टुलावर चढवलं ते त्यानेच.

तिच्या डबीत पॅनासोनिकच्या ग्रिड-आय जातीचा सेन्सर आहे. त्यात ८ बाय ८, म्हणजे ६४ घरं. बुद्धिबळाचा पट समजा. प्रत्येक घरात एक आकडा, त्या दिशेला किती गरम आहे तेवढाच. त्याची नजर ६० अंशांत पसरते, म्हणजे दहा फुटांवर बसलेल्या माणसापाशी एकेक घर जवळपास दीड फुटाचं होतं. अख्खा चेहरा एका घरात मावून वर जागा उरते. या पटावर ज्याला नागडा फोटो दिसतो त्याच्या कल्पनाशक्तीला माझा नमस्कार.

शनिवारी मी नागपूरला गेलो, टिकली काढली आणि लॅपटॉपवर आत्याला तो पट दाखवला. ती खुर्चीत बसली तर चार घरं पिवळी झाली. मग तिला उठवून खुर्चीत तिचीच शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली. पुन्हा पिवळं. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी आन् ही पिशवी सारखीच?" सेन्सरच्या लेखी हो. तो चौकोन हलतो का, किती वेळ एकाच जागी राहतो, यावरून पुढचा अंदाज बांधला जातो, इतकंच.

राहिले कपडे. अंगाची उष्णता साधारण १० मायक्रॉन लांबीच्या लहरींनी बाहेर पडते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्या लहरींना सुती साडी म्हणजे पडदाच. सेन्सरला साडीचं तापमान कळतं, साडीच्या आतलं नाही. ही अफवा कुठून आली असावी याचा मला अंदाज आहे. १९९८ मध्ये सोनीच्या काही हँडीकॅममध्ये अंधारात चित्रण करायची सोय होती. वर एक फिल्टर लावला की त्यातून काही पातळ कपड्यांच्या आतलं दिसतं असा बोभाटा झाला, आणि कंपनीला ती रचना बदलावी लागली. हे खरं आहे. पण त्या कॅमेऱ्यांची लहर १ मायक्रॉनच्याही आतली. दोन्हींना 'इन्फ्रारेड' म्हणतात म्हणून दोन्ही एकच ठरवणं, म्हणजे आडनाव पाटील दिसलं म्हणून दुसऱ्याच पाटलाला आत टाकणं.

कॅन्सरवर फार लिहीत नाही. किरणं डबी सोडत नाही, आत्या सोडते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. डबी त्यातली चिमूटभर झेलते.

भिंत आणि अमेरिका हे दोन्ही मुद्दे एकाच खटल्यात निकाली निघतात. मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचला असता तर निदान एक ओळ तरी गाळली असती. १९९२ मध्ये ओरेगॉन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावी डॅनी कायलो नावाचा माणूस घरात दिव्यांखाली गांजा पिकवतो असा संशय होता. पोलिसांनी रस्त्यापलीकडच्या गाडीत बसून त्याच्या घरावर उष्णतेचा कॅमेरा रोखला. त्यांना आतलं काहीच दिसलं नाही. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत बाकी घरापेक्षा जास्त गरम, एवढंच दिसलं. असा कॅमेरा भिंतीचा बाहेरचा पापुद्राच बघतो. भिंत तर सोडाच, साधी खिडकीची काचही त्याला आडवी येते. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ठरवलं की वॉरंटशिवाय पोलिसांनी घरावर असं यंत्र रोखणं बेकायदा झडती ठरते. आपल्या घरात आपणच लावलेल्या सेन्सरवर बंदी वगैरे काही नाही.

पण त्याच निकालात एक वाक्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मेसेजवाल्यांच्या पदरात टाकावं लागतंय. न्यायमूर्ती स्कालिया म्हणतात की असल्या यंत्राला घरची बाई रोज रात्री किती वाजता सौना आणि अंघोळ घेते तेही कळू शकेल. म्हणजे फोटो नसला तरी दिनक्रम उघडा पडतो. आत्या किती वाजता उठते, रात्री किती वेळा बाथरूमला जाते, घरी कोण किती वेळ थांबलं, हे ६४ आकड्यांतूनही महिनाभरात कळतं. 'कॅमेरा नाही, म्हणून खासगीपण सुरक्षित' ही जाहिरात अर्धीच खरी. आमची डबी सगळेच्या सगळे आकडे कंपनीच्या सर्व्हरवर पाठवत होती. घेताना मी विचारलंच नव्हतं. आता 'आहे', 'नाही' आणि 'बराच वेळ जमिनीवर' एवढंच घराबाहेर जातं. १६० बाय १२० घरांचा थर्मल कॅमेरा असता तर त्यात देहाची आकृती दिसली असती. तसला मी कोणाच्याही झोपायच्या खोलीत लावणार नाही.

डबीची खरी खोड मात्र मेसेजवाल्यांना सापडलीच नाही. मे महिन्यात कूलर बंद पडून खोली ३५ अंशांवर गेली की अंग आणि भिंत सारखीच गरम, आणि पटावरून आत्या गायब.

आता चिकटपट्टी. ती लावल्याने सेन्सर बंद पडत नाही. तो चिकटपट्टीचं तापमान मोजत बसतो आणि 'कोणी नाही' असं ठणकावून सांगत राहतो. मंगळवारी आत्या त्या स्टुलावरून पडली असती तरी मला दिवसभर हाच निरोप आला असता. हा मेसेज आया-बहिणींसाठी म्हणे!

मी हे सगळं तावातावाने सांगत होतो. आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "लावायच्या आधी मला कोणी विचारलं होतं का बे?" नव्हतं. मी आणि दादाने परस्पर ठरवून लावली होती.

आता डबीचं बटण तिच्या हाताच्या उंचीवर आहे. तिने बंद केलं की मला 'आत्याने बंद केलं' असं येतं, 'कोणी नाही' असं नाही. पहिल्याच रविवारी दुपारी तीन ते साडेपाच बंद होतं. भिशी होती.