तापेनाशी झालेली सीट: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

गाडीची तापणारी सीट बंद पडली तर घरच्या घरी काय करावे, हे सांगणारा एक मजकूर सध्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आधी फ्यूज पाहावा, तो उडालेला असेल तर जास्त अँपिअरचा बसवावा, म्हणजे पुन्हा उडणार नाही, फ्यूज शाबूत असेल तर सीटमधले एलिमेंट, म्हणजे विजेने तापणारा भाग, जळाले आहे हे निश्चित समजावे, बटणावरचा दिवा लागत असेल तर वीज सीटपर्यंत पोहोचते आहे, तेव्हा वायरिंग तपासत बसू नये, तापमानाचा सेन्सर आडवा येत असेल तर त्याची दोन टोके एकमेकांना जोडून टाकावीत, आणि शेवटी कव्हर उघडून एलिमेंटची तुटलेली तार पिळून जोडावी व वर टेप गुंडाळावी. मी वाहनांच्या वायरिंगचे काम करतो. हे सारे करून झालेल्या गाड्या माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या कित्येकांत मूळ बिघाड किरकोळ, पण त्यावर झालेला उपाय घातक असतो. म्हणूनच या मजकुराला मुद्द्यागणिक उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

उत्तर समजायला सीट तापते कशी हे ठाऊक हवे. गादीचा फोम आणि कव्हर यांच्यामध्ये एक पातळ पॅड असते. त्यात बारीक तार नागमोडी बसवलेली असते किंवा कार्बनच्या तंतूंची जाळी असते. बैठकीला एक पॅड, पाठीला दुसरे. एक सीट साधारणपणे ४ ते ८ अँपिअर प्रवाह घेते. हिशेबाच्या सोयीसाठी ६० वॉटची सीट धरली, तर १२ व्होल्टला प्रवाह ५ अँपिअर आणि एकूण रोध २.४ ओहम येतो. हे आकडे पुढे पुन्हा लागणार आहेत. जुन्या धाटणीच्या गाड्यांत हा प्रवाह बटणातून किंवा रिलेतून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) सरळ सीटकडे जातो आणि उष्णता आवरण्याचे काम सीटमधला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला प्रवाह तोडणारा स्विच, करतो. नव्या गाड्यांत बटण फक्त मागणी कळवते. प्रवाह सोडायचा की नाही आणि किती सोडायचा, हे सेन्सरकडून तापमान घेऊन मॉड्यूल, म्हणजे नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक पेटी, ठरवते.

आधी फ्यूज पाहावा, हे मजकुराचे पहिले वाक्य बरोबर आहे. मात्र फ्यूज उपसून उजेडात धरून पाहणे पुरेसे नाही, कारण आतल्या पट्टीला गेलेली केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही. फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. इग्निशन चालू करून मीटरचे (मल्टीमीटरचे) एक टोक गाडीच्या उघड्या धातूला आणि दुसरे आळीपाळीने त्या दोन्ही ठिपक्यांना लावावे. दोन्हीकडे व्होल्टेज आले तर फ्यूज चांगला, एकीकडेच आले तर उडालेला, आणि कोणत्याच बाजूला आले नाही तर प्रश्न फ्यूजच्याही मागे आहे.

मोठा फ्यूज बसवण्याचा सल्ला मात्र या मजकुरातला सर्वांत वाईट सल्ला आहे. फ्यूज सीटच्या रक्षणासाठी नसून तिच्याकडे जाणाऱ्या वायरच्या रक्षणासाठी असतो, आणि वायरची जाडी त्या फ्यूजच्या आकड्याला धरून निवडलेली असते. १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज घातला की वायर तापून तिचे प्लास्टिक वितळू लागले तरी फ्यूज स्वस्थ राहतो, आणि हे गालिच्याखाली, कोणाच्या नजरेस न पडता घडते. शिवाय फ्यूज उडण्यामागे कारण असते. एलिमेंट तुटले तर प्रवाह वाहतच नाही, त्यामुळे तुटलेल्या एलिमेंटने फ्यूज उडत नाही. तो उडतो शॉर्टमुळे, आणि शॉर्ट बहुधा सीटच्या लोखंडी सांगाड्याला घासून सोललेल्या वायरमुळे होतो. तो शोधण्याची रीत सोपी आहे. सीटखालचा हीटरचा कनेक्टर काढून ठेवावा आणि मूळ आकड्याचाच नवा फ्यूज घालून बटण दाबावे. तरीही उडाला तर दोष फ्यूज-बॉक्स आणि सीट यांच्या दरम्यान, नाही उडाला तर सीटच्या आत. एका गाडीत फ्यूज महिन्यातून एकदोनदाच उडत असे. चौकशी करता कळले की घरातली उंच व्यक्ती गाडी चालवायला बसली की तो उडतो. सीट पूर्ण मागे सरकवली की हीटरची वायर रुळाच्या कडेवर ताणली जात होती. वायरच्या आवरणावर नखाएवढा चकचकीत चट्टा पडला होता आणि त्यातून तांबे दिसत होते. त्या मालकांनी मोठा फ्यूज घातला असता तर पुढची ठिणगी रुळावरच पडली असती.

आता तिसरा मुद्दा: फ्यूज चांगला आहे, म्हणजे एलिमेंट गेले. या एका वाक्याने लोकांचा सर्वाधिक पैसा वाया जातो. फ्यूज आणि एलिमेंट यांच्यामध्ये रिले आहे, बटण आहे, मॉड्यूल आहे, निदान दोन कनेक्टर आहेत आणि परतीची अर्थची वायर आहे. त्यांपैकी काहीही बिघडले तरी सीट थंडच राहते. दोन्ही पुढच्या सीट एकाच दिवशी बंद पडल्या असतील तर दोन एलिमेंट एकदम जळणे जवळजवळ अशक्य आहे; तिथे दोघींना समाईक असलेला पुरवठा, अर्थ किंवा मॉड्यूल तपासावे. कधी कधी तर बिघाडच नसतो. बॅटरी क्षीण असेल तर अनेक गाड्या सीटचा हीटर आपणहून बंद ठेवतात, काही गाड्यांत तो इंजिन चालू असतानाच चालतो, आणि काहींत ठरावीक वेळानंतर आपोआप उतरतो.

एलिमेंट खरोखर गेले आहे का, हे मीटर दोन मिनिटांत सांगतो. इग्निशन बंद करून हीटरचा कनेक्टर सोडवावा, मीटर ओहमच्या सर्वांत लहान पट्टीवर ठेवावा आणि आधी त्याचीच दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा टिपून घ्यावा. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम भरतो, आणि २.४ ओहमच्या मापात तो वजा केला नाही तर निष्कर्ष चुकतो. मग कनेक्टरच्या सीटकडील हीटरच्या दोन पिनांवर माप घ्यावे. काही ओहम आले तर एलिमेंट सलग आहे. मीटरने अनंत दाखवले तर मार्ग कुठेतरी तुटला आहे. बैठक आणि पाठ एकसर जोडणीत असतील तर एक तुटल्यावर दोन्ही थंड पडतात, समांतर असतील तर एकच भाग थंड राहतो. त्यामुळे नुसता हात फिरवूनही बरेच कळते. माप चालू असताना तळहाताने बैठक ठिकठिकाणी दाबावी. आकडा उड्या मारू लागला तर त्या जागी तार तुटून टोकाला टोक जेमतेम टेकलेले आहे. अशी तूट बहुधा सीटवर गुडघा टेकून मागच्या सीटवरचे सामान घेण्याच्या सवयीने होते, कारण पसरलेले वजन सोसणारी तार एका जागी आलेला भार सोसत नाही.

बटणाचा दिवा लागतो म्हणजे वीज सीटपर्यंत पोहोचते, हे चौथे विधान दिव्याला नसलेली साक्ष द्यायला लावते. दिव्याला काही मिलिअँपिअर पुरतात, सीटला ५ अँपिअर लागतात. नव्या गाड्यांत दिव्याचा अर्थ एवढाच की मॉड्यूलला मागणी कळली. दिवा कसा वागतो ते पाहणे मात्र उपयोगाचे आहे: अनेक गाड्यांत मॉड्यूलला सीटच्या मंडलात (सर्किटमध्ये) खोट आढळली की दिवा काही सेकंदांत विझतो किंवा लुकलुकतो. अशा वेळी मॉड्यूलमधला दोष-संकेत वाचावा. तो मंडल तुटले आहे, शॉर्ट झाले आहे की सेन्सर बिघडला आहे, हे वेगवेगळे सांगतो. साधे स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त इंजिनचे संकेत वाचतात, त्यामुळे त्यावर ‘दोष नाही’ असे दिसले म्हणून सीट निर्दोष ठरत नाही.

याच मुद्द्याशी जोडलेली एक चूक आमच्या धंद्यातले लोकही करतात, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. रिलेवर चालणाऱ्या जुन्या धाटणीची एक गाडी माझ्याकडे आली. तिच्या मालकांनी दुसरीकडे बैठकीचे नवे पॅड बसवून घेतले होते, तरी सीट जेमतेम कोमट होई. सीटखालचा कनेक्टर सोडवून मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट, आणि आधीच्या कारागिराने याच आकड्यावर विसंबून वायरिंग निर्दोष ठरवले होते. मी कनेक्टर पुन्हा जोडला, बटण चालू केले आणि मीटरची टोके कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिनांना लावली. आकडा ४ व्होल्टच्याही खाली उतरला. फरक कशाचा? मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार पडला की सांध्याचे खरे रूप उघडे पडते. सांध्यात ५ ओहमचा रोध असेल तर एकूण रोध ७.४ ओहम होतो, प्रवाह सुमारे १.६ अँपिअरवर येतो, एलिमेंटच्या वाट्याला ३.९ व्होल्ट उरतात आणि ६० वॉटची सीट जेमतेम ६ वॉट देते. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे सीटच्या अर्थ पिनेला लावले, तेव्हा जिथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा तिथे ८ व्होल्ट आले. उरलेले व्होल्टेज तिथेच अडकले होते. गालिचा उचलल्यावर दाराच्या उंबऱ्याजवळ अर्थचा बोल्ट दिसला. सांडलेले पाणी तिथे मुरून वायरच्या टोकावर हिरवट गंजाचा थर चढला होता. ते टोक घासून, बोल्ट पुन्हा कसून सीट पूर्ववत झाली. जुने पॅडही चांगलेच असणार, पण ते तोवर फेकून दिले गेले होते.

मॉड्यूल असलेल्या गाडीत हे माप उष्णतेच्या सर्वांत वरच्या पायरीवर घ्यावे, कारण खालच्या पायऱ्यांवर मॉड्यूल पुरवठा तोडून तोडून देते आणि साधा मीटर त्याची सरासरी दाखवतो; तो कमी आकडा बिघाड समजू नये.

सेन्सरची दोन टोके जोडण्याचा पाचवा सल्ला तर स्वतःच्याच कसोटीवर टिकत नाही. नव्या सीटमधला सेन्सर बहुधा असा असतो की तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. २५ अंशांना १० हजार ओहम हे त्याचे नेहमी आढळणारे माप आहे. त्याची टोके जोडली की रोध शून्य होतो, आणि शून्य रोध म्हणजे अतिशय तापलेली सीट, असे समजून मॉड्यूल हीटर सुरूच करत नाही. हा सेन्सर तपासायचा असेल तर त्यावर मीटर लावून सीटवर त्या जागी तळहात ठेवावा. हाताच्या उबेने आकडा हळूहळू उतरताना दिसला पाहिजे. जुन्या थर्मोस्टॅटच्या सीटमध्ये मात्र टोके जोडल्यावर सीट तापते, आणि मग ती थांबत नाही. ४४ अंश हे तापमान हाताला केवळ उबदार वाटते, पण त्याचा सलग स्पर्श सुमारे ६ तास राहिला तर त्वचा भाजते. तापमान त्याहून वाढेल तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला खालून चटका बसतो आहे हे कळतच नाही. अशा व्यक्ती तापत्या सीटवर गंभीर भाजल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. आज तुम्ही जोडलेल्या सीटवर उद्या कोण बसेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

तुटलेली तार पिळून जोडणे हा सहावा उपाय काही दिवस चालतोही, म्हणूनच तो फसवा आहे. पिळलेल्या सांध्याचा रोध वाढतो आणि उष्णता नेमकी त्याच बिंदूत साठते. माणूस बसला-उठला की सांधा हलतो, ठिणगी पडते आणि कव्हरला तपकिरी भोक पडते. सोल्डरचा डाग दिला तर सांधा ताठ होतो आणि तार त्याच्या कडेला पुन्हा तुटते. कार्बनच्या जाळीला तर डाग धरतच नाही. तूट एलिमेंटमध्ये नसून त्याच्या जोडवायरीत, म्हणजे पॅडच्या बाहेर असेल, तर मात्र ती योग्य जाडीच्या वायरने आणि दाबून बसवलेल्या सांध्याने नीट दुरुस्त होते. तूट पॅडच्या आत असेल तर पॅडच बदलावे. काही सीटमध्ये पॅड फोमला चिकटवलेले असते आणि फोमसकट घ्यावे लागते.

मजकुरात जे मुळीच नाही, ते सर्वांत आधी सांगायला हवे होते. पुष्कळ गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते आणि तिचा कनेक्टर हीटरच्या कनेक्टरशेजारीच, बहुधा पिवळ्या रंगाचा असतो. त्याला ओहमचा मीटर कधीही लावू नये, कारण मीटरचा तपासणी-प्रवाहसुद्धा एअरबॅग उडवू शकतो. सीट सोडवण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे, म्हणजे यंत्रणेत साठलेली वीज उतरते. पिवळा कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नये, नाहीतर एअरबॅगचा इशारा-दिवा पेटतो आणि तो स्कॅनरशिवाय सहसा जात नाही.

दुरुस्ती झाल्यावर बटण दाबून ‘तापली’ म्हणणे पुरेसे नाही. वायरभोवती चिमट्यासारखा लावायच्या क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजावा. आपल्या उदाहरणातल्या सीटसाठी तो ५ अँपिअरच्या आसपास यायला हवा. मग दहा मिनिटांनी बैठकीवर आणि पाठीवर सगळीकडे तळहात फिरवावा. ऊब सर्वत्र सारखी लागली तर कव्हर बंद करावे, आणि एखादी जागा इतरांपेक्षा चटकन जास्त तापत असेल तर पॅडला तिथे घडी पडली आहे असे समजून कव्हर पुन्हा उघडावे.